विलायतेतलं पाटाचं पाणी

आमच्या ह्यांना मागच्या वर्षी लकव्याचा झटका येऊन गेला. उजव्या अंगाला. डॉक्टर म्हणाले, हात सुधारलाय, आता फक्त वापरायला हवा. पण ऐकतील तर शपथ! नाशिकजवळचा मेथी-कोथिंबिरीचा मळा धाकट्या दिरांवर सोपवला, हात खिशात घातला नि तोंडही मिटून घेतलं. डाव्या हाताने चमच्याने जेवायचे. मला रडू यायचं नि रागही यायचा.

लेक इंग्लंडमध्ये असते. तिने आम्हाला महिनाभर बोलावून घेतलं नि एका रविवारी नावेतून कालव्यात फिरायला नेलं. नाव कसली, एसटीपेक्षा लांब नि रुंदीला आमच्या ओट्याएवढी! सुकाणू जावयाच्या हातात. वेग असा, की काठावरची एक म्हातारी कुत्रं घेऊन आमच्या पुढे निघून गेली. मी आपली दशम्यांचा डबा उघडून उन्हात बसले. लय बरं वाटत होतं.

मध्ये मध्ये दारं लागायची. दोन दारांमधल्या हौदात नाव घ्यायची, मागचं दार लावायचं नि पुढच्या दाराची झडप हँडल फिरवून उचलायची. हौदातलं पाणी उतरलं की नावही खाली येते. काठावरून हे काम लेक करायची. आमचे हे काठावर तिच्या शेजारी उभे राहून बघायचे, हात खिशात.

एका दारापाशी तिने झडप उचलली नि मागचं दार नीट बसलंय का ते बघायला गेली. आम्ही खाली चाललो होतो, तर नाव मध्येच थांबली.

"मामा, काय झालं?" जावई ओरडला.

वर बघते तर काय, ह्यांनी झडपच पाडलेली! "अरे, पाणी वाया चाललंय! खाली एक वाफा भिजत नाय, नि खुशाल सोडून दिलंय!"

जन्मभर पाटाच्या पाळीची वाट बघितलेला माणूस. त्याला कसं बघवणार?

लेक धावत आली. "अहो बाबा, वाया नाही जात. खालच्या टप्प्यात साठतं, तिथल्या नावांना लागतं."

"मग आधी सांगायचं ना!" म्हणत ह्यांनी पुन्हा झडप उचलायला घेतली. जावई हसून हसून बेजार. मीही हसत होते, तेवढ्यात माझं लक्ष हँडलवर गेलं.

"अहो," मी खालून ओरडले, "उजवा हात!"

ते थांबले. हाताकडे बघत राहिले. मग माझ्यावरच खेकसले, "रडतेस काय? नाव सांभाळ!"

पुढच्या एकाही दाराला त्यांनी लेकीला हात लावू दिला नाही.