सुरुंगांच्या पाणबुडीवरचा वाटाड्या

हाबोकाका आमच्या शेजारचा. दोन घरांच्या मधे एक कोबीचा वाफा आणि एक मोडकं कुंपण, एवढंच. जर्मनीत एम्स नदीच्या मुखाशी आमचं डाइकहाउझेन गाव आहे. तिथला मुलगा शाळा सुटली की बोटीवर जातो, तसा तोही गेला आणि चौदा सालच्या लढाईच्या आधी दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या गलबतावर तांडेल झाला. इकडून ओट्स भरून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला न्यायचे, तिकडून कोळसा आणायचा. त्याचं नेहमीचं बंदर वेल्बी. तिथे बाहेर वाळूचे दांडे आहेत आणि ते जागा बदलतात, म्हणून बंदराचा वाटाड्या बोटीवर आल्याशिवाय कुणी आत शिरत नाही. हा वाटाड्या म्हणजे सायलस थर्कल. हाबोकाकाहून बराच मोठा, तोंडाचा फटकळ. वाऱ्यामुळे गलबत अडकून पडलं की हाबोकाका सायलसच्याच घरी जेवायचा. सायलसची बायको याला घरी विणलेले पायमोजे द्यायची, आणि ते घालून तो आमच्या दारात येऊन आईला चिडवायचा, "बघ गेस्के, इंग्लंडात माझी काळजी घेणारं कुणीतरी आहे."

माझे बाबा, वियार्ड, आगबोटींवर इंजिन सांभाळायचे. लढाई लागल्यावर त्यांना पाणबुडीवर घेतलं, आणि पाणबुडीही सुरुंग पेरणारी. सुट्टीवर आले तेव्हा आई बटाटे सोलत होती आणि बाबा सुरी घेऊन टेबलावर रेघा मारत तिला ती बोट समजावत होते.

"नाकाकडच्या भागात सहा विहिरी आहेत."

"बोटीत विहिरी?"

"वरपासून तळापर्यंत आरपार. जरा तिरप्या. वर उघड्या, खाली उघड्या, कायम समुद्राच्या पाण्याने भरलेल्या. एकेकीत तीन सुरुंग, एकावर एक. खटका ओढला की खालचा सुटून तळाला जातो. तो गेला की नाक हलकं होऊन वर उठायला बघतं, म्हणून लगेच तेवढं पाणी आत घ्यायचं. त्या झडपा माझ्याकडे."

"आणि झोपता कुठे?"

"विहिरींच्या मधल्या गल्लीत. पाठ टेकली की पत्र्यापलीकडे सुरुंग."

"ज्याने ही बोट आखली त्याला बायको नसणार."

"का गं?"

"तिने पहिल्यांदा विचारलं असतं, माणसं कुठे ठेवणार?"

बाबा हसले. मग त्यांनी सांगितलं की सुरुंग तळाला गेल्या गेल्या वर येत नाही. त्याच्या कुलपात मिठासारखी विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळेपर्यंत बोट पुढे निघून जाते. मग कुलूप सुटतं आणि तारेला बांधलेला सुरुंग हळूहळू वर येऊन पाण्याखालीच लपून राहतो.

"आणि गोळी लवकर विरघळली तर?"

"बटाटे शिजायला टाक आता, भूक लागली," बाबा म्हणाले.

हाबोकाकाला त्या बोटीवर बाबांनीच नेलं. कप्तानाला इंग्लंडचा किनारा पाठ असलेला माणूस हवा होता आणि बाबांच्या तोंडून शेजाऱ्याचं नाव निघून गेलं. दोघं बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये ब्रूजला राहायचे, तिथून कालव्याने समुद्रात जायचे. सुरुंग बंदरातच भरायचे आणि पाण्याखाली ते किती खोल तरंगायचे तेही बंदरातच ठरवायचं. एकदा निघालं की विहिरीत हात घालता येत नाही. म्हणजे जायचं त्या जागी भरती-ओहोटी कशी असते, हे हाबोकाकाला निघण्याआधीच कप्तानाला सांगून ठेवावं लागे. आईला तो एकदा म्हणाला होता, की पत्र्याच्या त्या नळीत डिझेलचा, ओल्या लोकरीचा आणि कोबीच्या रश्श्याचा वास इतका मुरला होता की किनाऱ्यावर आल्यावर ताज्या हवेने डोकं दुखायचं.

काही फेऱ्या दुसरीकडे झाल्या. मग सतरा सालच्या वसंतात कप्तानाने नकाशा उलगडला आणि वेल्बीवर बोट ठेवलं. कप्तान पोरसवदा होता, माणसांना जपणारा.

"फोकेन," त्याने हाबोकाकाला आडनावाने विचारलं, "कोळशाच्या बोटी कुठल्या वाटेने निघतात?"

"दक्षिणेच्या, साहेब. चर्चचा मनोरा आणि दीपगृह एका रेषेत धरून."

"खात्री आहे?"

"डोळे मिटूनही नेईन."

खोटं सांगता आलं असतं का? हा प्रश्न त्याला पुढे पुष्कळांनी विचारला. तो म्हणायचा, "खोटं सांगितलं असतं तर उत्तरेच्या उथळ वाटेत वाळूवर चढून आमची बोट फुटली असती. आत वियार्ड होता. आत सगळेच होते."

पहाटे दाट धुकं होतं. पाण्याखालून बोट दक्षिणेच्या वाटेत शिरली. हाबोकाका बोटीच्या पाठीवरच्या लहान बुरुजात, सुकाणूवरच्या माणसाशेजारी, कप्तानाच्या खांद्याशी उभा होता. खाली बाबा झडपांशी, आणि नेहमीप्रमाणे शिव्या देत होते, कारण एक झडप गळत होती. सुरुंग सुटत गेले. शेवटचा सुटला, बोट वळायला लागली, आणि मागून खालून असा दणका बसला की दिवे गेले. गोळी लवकर विरघळली होती.

मागचा भाग फाटून बोट तळाला टेकली. पाणी गळ्याशी येईपर्यंत बुरुजातले तिघं थांबले, कारण आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाल्याशिवाय झाकण उघडत नाही. उघडल्यावर हवेच्या बुडबुड्याने तिघांना वर फेकलं. कप्तान आणि सुकाणूवरचा माणूस धुक्यात दिसेनासे झाले. हाबोकाकाला ओहोटीने खूप दूर, बाहेर ओढून नेलं. हातपाय बधिर झाले, आणि तेव्हा कुणीतरी त्याची कॉलर धरली.

"अरे देवा," वरून आवाज आला. "हा तर हाबो."

सायलसची बोट होती. तो आणि त्याचा जावई दणका ऐकून बाहेर आले होते, पण धुक्यात दणका कुठून आला ते कुणालाच कळलं नव्हतं. जावयाने हाबोकाकाला घोंगडीत गुंडाळून कसलीशी कडक दारू पाजली.

"इथे काय करत होतास?" सायलसने विचारलं.

हाबोकाकाने घोंगडी आणखी घट्ट ओढली.

"माझ्या घरी जेवलास. माझ्या बायकोचे मोजे घातलेस. आता माझ्या दारात काय टाकलंस?"

"सायलस, मी शत्रूचा सैनिक आहे. मला काही विचारू नकोस."

"बरं," सायलस म्हणाला. "नाही विचारत." त्याने सुकाणू फिरवलं. "थंडीने मरशील, म्हणून जवळच्या, दक्षिणेच्या वाटेने आत चाललोय. मनोरा आता दिसेलच."

पाणी उतरत होतं. हाबोकाकाला ठाऊक होतं की अजून थोडं उतरलं की सुरुंग त्या बोटीच्या तळाला लागतील. जावई त्याच्याकडे पाठ करून शीड सोडत होता. सायलस समोर बघत नव्हता, याच्या तोंडाकडे बघत होता.

"उत्तरेकडून घे," हाबोकाका म्हणाला.

सायलसने बोट वळवली.

नौदलाच्या लोकांनी चौकशी केली तेव्हा हाबोकाकाने फक्त स्वतःचं नाव सांगितलं. पण तोवर सायलसने दक्षिणेची वाट बंद करायला लावली होती आणि कोळशाच्या बोटी उत्तरेकडून गेल्या. सुरुंग काढायला मासेमारीच्या बोटी लावल्या. त्यातली एक उडाली, वेल्बीच्याच माणसांसकट. ते हाबोकाकाला कैदेत असताना कळलं.

तो एकोणीस सालच्या शेवटी परतला, अर्धा झालेला. पहिल्याच संध्याकाळी आमच्याकडे आला. आईने चहा केला. बाबा कसे गेले ते त्याने सांगितलं, आणि तिथेच न थांबता पुढचंही सांगितलं.

"म्हणजे वियार्ड खाली पडलाय," आई म्हणाली, "आणि तू वर बसून त्यांना वाट दाखवलीस."

"गेस्के, दोन शब्द बोललो."

"पुरे झाले."

आमच्याकडे पाहुण्याने कपात चमचा उभा केला म्हणजे आणखी चहा नको. आई उठली आणि तिने स्वतः त्याच्या कपात चमचा ठेवला. तो टोपी घेऊन निघून गेला.

गावात तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण त्याच्याशी बोलणंही बंद केलं. हिवाळ्यात आमच्या दाराशी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळलेल्या जळाऊ मातीच्या, विटा रचलेल्या असायच्या. आई त्या चुलीत घालायची आणि मला म्हणायची, "विचारू नकोस कुठून आल्या."

असं पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा कुंपणाशी त्याने तिला अडवलंच. "मला शिव्या दे, पण एक ऐक. सायलसने कळवलंय, इंग्रजांनी आमची बोट वर काढली. वियार्ड समुद्रात नाही, मातीत आहे. वेल्बीत."

आई तिथेच कोबीच्या वाफ्यात खाली बसली. मग म्हणाली, "मला ने."

पुढच्या उन्हाळ्यात ओट्सच्या गलबतावरून आम्ही तिघं गेलो. मी नऊ वर्षांची होते. धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बायका होत्या. हाबोकाकाला बघून एकीने सुरी खाली ठेवली आणि आमच्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. तिचा नवरा त्या उडालेल्या बोटीवर होता. आई तिच्याजवळ गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई थोडा वेळ नुसती उभी राहिली. त्या बाईने काही वळून पाहिलं नाही.

दफनभूमीत लाकडी क्रूस होते, नावं बरोबर लिहिलेली. सायलस काठी टेकत आला होता. आईने हाबोकाकामार्फत त्याला विचारलं, "हा बोलला नसता तर तुम्ही खरंच त्या वाटेने गेला असता?"

सायलसने काठीने थोडी माती उकरली. "सुकाणू फिरवलं होतं मी. सुरुंग तिथे आहेत हे मला कुठे ठाऊक होतं? आणि बोटीत माझ्या मुलीचा नवरा होता."

परतताना आई सुकाणूपाशी हाबोकाकाशेजारी जाऊन बसली. "ती झडप गळत होती म्हणालास. तेव्हा वियार्ड काय म्हणत होता?"

"तुझ्यापुढे सांगण्यासारखं नाही."

"सांग रे."

त्याने सांगितलं. आई हसली आणि हसता हसता रडली, आणि नंतर रोज काहीतरी विचारत राहिली.

पुढे हाबोकाका रविवारी आमच्याकडे जेवायचा. आई त्याला बूट बाहेर काढायला लावायची. मी मोठी झाल्यावर त्याला एकदा म्हटलं, की तू त्या लोकांचे जीव वाचवलेस.

"तसं लोक म्हणतात," तो म्हणाला. "त्या बोटीत मीही होतो, पोरी. मला थंडी वाजत होती आणि मरायचं नव्हतं. सायलसचा चेहरा समोर होता म्हणून बोललो, की माझ्यासाठी बोललो, हे मला अजून कळलेलं नाही."

"मग ते असू दे," आतून आई म्हणाली. "वाटाणे वाढ त्याला, गार होतायत."