उंबऱ्याबाहेर

"सरकारनं उंबऱ्याबाहेर थांबावं," असं म्हणताना ते दाराला अडसर घालावा तसा उजवा हात आडवा धरायचे. सोलापुरातल्या आमच्या शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि त्या पुस्तकातल्या एकाही पानावर त्यांचा विश्वास नव्हता. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. आमचे सर जरा जास्तच होते.

हक्कांचा धडा ते दहा मिनिटांत उरकत. "हे परीक्षेपुरतं. आता खरं ऐका. पुस्तक म्हणतं, माणूस जन्मतः स्वतंत्र. अरे, जन्मतः तर तो नाळेनं बांधलेला असतो!"

मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "पण सर, नाळ कापत्यात की."

सर पोट धरून हसले. "कापतात. पण घरात कापतात, कलेक्टर कचेरीत नाही!"

त्यांचं म्हणणं असं, की घर, गाव, जात, देव सगळ्यांतून माणूस सोडवला की तो मोकळा होत नाही, एकटा पडतो. आणि एकट्याला उचलणं सरकारला सोपं जातं. मला पटायचं. अजूनही निम्मं पटतं, तेच दुखणं आहे.

दर रविवारी मी त्यांच्या घरी जायचो. मी ओट्यावर, ते उंबऱ्याच्या आत. गप्पा तासन् तास. माझा चहा वेगळ्या कपातून यायचा. निघताना तो मीच विसळून कोनाड्यात पालथा घालायचो. एकदा मायेनं म्हणाले, "प्रत्येकाला आपली जागा असते रे. जागा सुटली की माणूस हरवतो." मी मान डोलावली. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

शिकून मी त्याच शाळेत मास्तर झालो. आणीबाणीत आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायला लावलं. मी दोन आणल्या. सरांनी एकही नाही. एके दिवशी मागावरचा एक कामगार शाळेत आला. "सर, मला न्यायला मानसं येनार हायती. एकच पोरगी हाय मला. काय करू?"

"घरी जा. कोणी आलं तर सांग, मास्तरांनी नको म्हटलंय. माझं नाव घे."

मी दाराशीच उभा होतो.

हेडमास्तरांनी माझ्याकडून लेखी निवेदन मागितलं. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं. सर निलंबित झाले. 'घाबरलो होतो,' असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. लोकही म्हणायचे, "तुम्ही तरी काय करणार?"

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आणीबाणी उठली. संस्थेनं मला विचारलं, निवेदन मागं घेता का? घेतलं असतं तर सर कामावर परत येत होते. आता भीती कसली? मी कागद पुढ्यात ओढला आणि मला कोनाड्यातला तो पालथा कप दिसला. 'निवेदन खरे आहे,' असं लिहून सही केली. खरंच होतं ते. एक शब्द खोटा नव्हता.

ते भावाकडं जेऊरला गेले. दोनेक वर्षांनी माझी गाडी तिथं थांबली, तर फलाटावर ते. पार वाळलेले. मला पाहून खिडकीशी आले. म्हटलं, आता बोलणार.

"काय रे, आई कशी आहे तुझी?"

आई जाऊन सहा महिने झाले होते. सांगितलं असतं, तर त्यांनी खिडकीतून हात आत घातला असता. मला शिवले असते. ते मला सोसलं नसतं.

"बरी आहे," मी म्हणालो. गाडी हलली.