मागून उघडलेलं पुस्तक

पुस्तक हातात आलं की काका ते मागून उघडायचे. गणिताचं पुस्तक असलं तर थेट उत्तरांच्या पानांवर जायचे, तिथून बोट सरकवत पुढं यायचे आणि म्हणायचे, "अस्कं खोटं हितंच दडून राहतं, मा." अस्कं म्हणजे सगळं.

अंबत्तूरच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे. एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, इडलीवाल्याच्या पाटीवरची चूक दाखवल्याशिवाय ज्याला इडली गोड लागत नाही. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, बायको तमिळ. मूलबाळ नव्हतं आणि बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. जिन्यात मी फोनवर पुण्याला आईशी बोलत होते तेव्हा ते थबकून ऐकत उभे राहिले. फोन संपल्यावर म्हणाले, "मराठी! आमची अम्मा गेल्यावर मज कोणी बोलायास नव्हतं." त्यांची मराठी जुनी होती, तमिळ हेल काढून बोललेली. पहिल्या दिवशी मला निम्मीच समजली.

आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आलो. तो सकाळी कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जातो, मी घरून काम करते. आमची मुलगी ईरा आठवीत असताना गणिताच्या तासाला फळ्यासमोर तिची वाचाच बसायला लागली. वर्ग हसायचा. पुढं पुढं ती घरीही गणिताचं नाव काढलं की गप्प व्हायची. शेवटी शाळा सोडवली आणि घरीच शिकवायचं ठरवलं. बाकीचे विषय जमले, बीजगणित अडलं. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर विचारलं तर दहा जणांनी दहा पुस्तकं सुचवली. मी तीन आणली. एक बोर्डाचं, एक परदेशी, रंगीत चित्रांचं आणि व्हिडिओंसकट, आणि एक जुन्या पद्धतीचं काळंपांढरं जाडजूड. महिना झाला तरी निवड होईना. चुकीचं निवडलं तर मुलगी गणिताला कायमची मुकेल, ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

तिन्ही पुस्तकं मी काकांना दाखवली. आठ दिवस त्यांनी ती ठेवून घेतली. मग काळंपांढरं पुढं केलं. "हे. ह्यात श्वास घ्यायास जागा अहे."

"पण काका, ते जरा जुनाट नाही वाटत?"

"गणित काल जन्मलं काय, मा?"

मला केवढं हलकं वाटलं! कुणीतरी ठरवून टाकलं होतं. "लेंकरूं खाली पाठवा," ते म्हणाले. "मी कधी कोणास शिकवलों नाही. चूक धरायास तेवढं येतं." चूक धरायला येतं म्हटल्यावर मी जरा बिचकलेच. ईरा मात्र गेली.

रोज चार वाजता ती खाली जायची. मी कधी डोकावले तर ती पुस्तक मोठ्यानं वाचत असायची आणि काका खिडकीकडे तोंड करून ऐकत असायचे. मला वाटलं, ही त्यांची शिकवण्याची रीत.

दीडेक महिन्यानं एका संध्याकाळी ती वर आली ती पडक्या चेहऱ्यानं. दोन एक्स अधिक नऊ बरोबर तीन. तिचं उत्तर उणे तीन येत होतं, पुस्तकात नुसतं तीन होतं. चार वेळा करूनही तेच. "मला येतच नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला एवढंच सांगितलं, "पुस्तकाचं उत्तर घालून बघ." तिनं तीन घातले, पंधरा झाले. उणे तीन घातले, बरोबर तीन आले.

ती जिने चढत ओरडत आली, "आई, पुस्तक चुकलंय! मी नाही!"

वर्षभरात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. दोघांनी मिळून प्रकाशकाला इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. ईरा हिरमुसली तेव्हा काका म्हणाले, "चाळीस वर्षांत मज एकही आलं नाही. तरी लिहायाचं." हे त्यांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

एकदा मी दुपारी त्यांच्यासाठी कांदेपोहे घेऊन गेले. दार उघडंच होतं. काका खिडकीशी, त्यांच्याकडेच राहिलेलं रंगीत पुस्तक नाकाला टेकेल इतकं जवळ धरून बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "ईरा? एक्सच्या डोक्यावर हा दोन अहे की तीन?"

मी वाकून पाहिलं. तिथं दोन नव्हता, तीनही नव्हता. कागदावरचा ठिपका होता.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "मोठं अक्षर दिसतं."

काळंपांढरं पुस्तक मोठ्या टाइपात होतं, ओळींमध्ये अंतर सोडून छापलेलं. माझ्या ध्यानात आलं. "म्हणून ते निवडलंत?"

"मज जे दिसलं ते निवडलों. खरं सांगितलों असतों तर तुम्ही लेंकरूं पाठवलां नसतां."

मी बशी टेबलावर ठेवली आणि वर निघून आले. राग आला होता, खोटं कशाला सांगू! महिनाभर ज्या निर्णयासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, तो त्यांनी स्वतःच्या चार वाजताच्या सोबतीसाठी घेतला होता. ईराला म्हटलं, उद्यापासून पुस्तक बदलायचं, खाली जायचं नाही.

तिनं वर पाहिलं. "त्यांना दिसत नाही म्हणून?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. म्हणून तर मी मोठ्यानं वाचते." मग म्हणाली, "आई, त्यांना माझी वही दिसत नाही. कुठं अडलं, कुठं चुकलं, ते मलाच सांगावं लागतं. दुसऱ्या कुणासमोर मला ते सांगता येत नाही."

मी पुस्तक बदललं नाही. दुसऱ्या दिवशी रिकामी बशी आणायला खाली गेले. काकांनी ती धुऊन पुसून ठेवली होती.

वर्गसमीकरणं सुरू झाली तेव्हा काका पायरी चुकून पडले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. त्रिचीहून बायकोची भाची आली. मुलगी भली होती, त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. निघताना त्यांनी ईराच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसल्यावर दुसऱ्याच बाजूच्या खिडकीतून हात हलवत राहिले.

मी आठवड्याला फोन करायची. ईराचं गणित सांगून झालं की माझ्याकडचं बोलणं संपायचं. ते म्हणायचे, "ठेवूं नका, मा. काहीही बोला. भाजी काय केलां ते बोला." मग मी भाजी सांगायची. कोणती आणली, कशी चिरली, फोडणीत काय घातलं. पलीकडे ते हूं हूं करत राहायचे.

मग दोनदा फोन कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा भाचीनं उचलला आणि ती तमिळमध्ये बोलू लागली. इतकी वर्षं इथं राहून मला निम्मंच कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. ईरानं माझ्या हातातून फोन घेतला. ती बराच वेळ तमिळमध्ये बोलली, ऐकत राहिली, मधेच डोळे पुसले. मी नुसती शेजारी उभी.

फोन ठेवून ती म्हणाली, "शेवटचे चार दिवस ते तमिळ बोललेच नाहीत. सारखं काहीतरी मागत होते, मराठीत. घरात कुणाला कळलं नाही काय ते."