नवरात्रात राहिलेली गोळी

आम्ही सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी तिथल्या एका कंपनीत फिटर होतो, मुलगी बालवाडीत जायची, आणि बायकोनं मुलीकडं बघणं सोडलं होतं. म्हणजे ती तिला मारत नव्हती, रागवतही नव्हती. पोरगी पुढ्यात येऊन उभी राहिली तरी हिची नजर तिच्या डोक्यावरून भिंतीला जाऊन लागायची. अन्न जात नव्हतं, झोप नव्हती, आंघोळीला ऊठ म्हटलं तरी डोळ्यांना धार लागायची. मला जगाकडून बाकी काही नको होतं. हिनं पोरीला पुन्हा जवळ ओढून घ्यावं, एवढंच हवं होतं.

आमच्या रांगेतल्या खोल्यांत सल्ले दारात येऊन मिळायचे. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं दुसरं मूल होऊ द्या. सासूबाई पाटसहून येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळून गेल्या. शेवटी कंपनीत येणाऱ्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका मानसोपचार डॉक्टरांचा पत्ता दिला. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी डोकेदुखीसाठी नेतोय म्हणून सांगितलं. आमच्याकडं या डॉक्टरांना लोक एकाच नावानं ओळखतात, आणि ते नाव मला माझ्या बायकोच्या मागं लावून घ्यायचं नव्हतं.

डॉक्टर माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलले. शुगर होते, तसा हाही आजारच आहे, असं म्हणाले. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. आधी तोंडाला कोरड पडेल, सुस्ती येईल, फरक दिसायला तीन-चार आठवडे जातील. बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि आम्ही दोघांनीही माना डोलावल्या.

ते पहिले आठवडे फार वाईट गेले. गोळीनं चांगलं काहीच दिसेना, वाईट तेवढं लगेच दिसायला लागलं. तोंडात कापूस कोंबल्यागत होतंय म्हणायची. पोरीचं दप्तर भरता भरता बसल्या जागी झोपून जायची. मी साहेबाच्या हातापाया पडून पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे रात्री गोळी माझ्या हातानं देता येईल. आणि सकाळी उठलो की दूध तापत ठेवून बसावं तसा तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. एकदा ती वैतागली. सारखं माझं थोबाड काय बघताय, म्हणाली. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत ती वैतागलीसुद्धा नव्हती.

मग एक दिवस पाळी संपवून आलो, तर दारातच थालीपिठाचा खमंग वास. पोरगी तिच्या मांडीवर बसून तव्यातलं थालीपीठ कधी उलटायचं ते विचारत होती आणि ही तिला सांगत होती. मी बूट न काढताच मागं वळलो, नळावर गेलो आणि तोंड धुवायचं निमित्त करून रडून घेतलं.

त्यानंतर नवरात्र आलं. यंदा घट मी बसवणार, असं ती आपणहून म्हणाली. आदल्या वर्षी आमच्या घरात घटच बसला नव्हता, तिला उठवतच नव्हतं. मी हरखलो. शेतातली काळी माती आणली, पत्रावळ, घट, धान्य, सगळं आणलं. पहाटे न्हाऊन ती माळ ओवायला बसायची. कंपनीत ज्याला-त्याला मी सांगत सुटलो की आमच्याकडं घट बसलाय. ऐकणाऱ्यांना त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

उपास तिनं नऊच्या नऊ दिवस धरले. उपास म्हणजे जेवण नाही, आणि जेवण नाही तर जेवणानंतरची गोळीही नाही. आमच्या घरांमध्ये हे कुणी बसून ठरवत नाही. म्हातारी माणसं एकादशीला बीपीच्या गोळीलाही हात लावत नाहीत. दसऱ्याला जेवले की सुरू करीन, असं ती म्हणाली आणि मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. डॉक्टरांनी आपल्या मनानं बंद करू नका म्हटलं होतं. हे तर देवीचं होतं, आमच्या मनाचा त्यात संबंधच नव्हता. या हिशेबाला मी आजवर हसू शकलेलो नाही.

नवरात्र संपता संपता तिला गरगरायला लागलं. डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणायची. उपासाचा अशक्तपणा असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली तरी ते थांबेना, वरून रडणं सुरू झालं. सासूबाई आल्या. त्यांना पाटसला कुणीतरी सांगितलं होतं की या गोळ्या दारूसारख्या अंगाला लागतात, चार दिवस सोडल्या की अंग मागायला लागतं. मीही घाबरलो, कारण समोर दिसत होतं ते तंतोतंत तसंच दिसत होतं.

बायको म्हणाली, “आता न्हाई घ्यायची मी ती गोळी. देवीनंच सोडवली.”

मी समजावून पाहिलं, पण तिला धरून पुण्याला न्यायची माझी छाती झाली नाही. दिवाळीच्या आधी ती पुन्हा भिंतीकडं बघायला लागली. सासूबाई तिला आणि पोरीला पाटसला घेऊन गेल्या.

तिथं दोन वर्षं गेली. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. दर गुरुवारी सकाळी निघायचं, चौफुल्यावर गाडी बदलायची आणि दुपारी तिच्या खाटेपाशी जाऊन बसायचं. चहा प्यायली का, आंघोळ केली का, झोप लागली का. गुरुवार म्हणजे पोरीच्या शाळेचा दिवस. ती दप्तर घेऊन दारात यायची, तेव्हा माझी परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची. तिच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवायचो आणि निघायचो.

असंच एका गुरुवारी बायको म्हणाली, त्या पुण्याच्या डॉक्टरांकडं न्या मला. तिच्यात एवढं बळ कुठून आलं ते तिलाही सांगता येत नाही. डॉक्टरांनी नवरात्राची हकिगत ऐकली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

“ते गरगरणं गोळी एकदम तुटल्याचं होतं, व्यसन नव्हे. अहो, फराळानंतर चालली असती,” ते म्हणाले. “नुसत्या दुधाबरोबर चालली असती. मीच विचारायला हवं होतं तुम्हाला, उपास करता का म्हणून.”

परतीच्या गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. कपभर दूध. नवरात्राच्या त्या नऊ दिवसांत आमच्या घरात दूध नव्हतं असा एक दिवस गेला नव्हता.

दुसऱ्या खेपेला गोळीनं जास्त वेळ घेतला, पण ती बरी झाली. पोरगी चौथीत गेली तेव्हा तिघं पुन्हा एका खोलीत राहायला लागलो. एका संध्याकाळी बायको भाजी निवडत होती, पोरगी उंबऱ्यात अभ्यास करत होती. बायकोनं मला विचारलं, “आपली पोरगी पहिली-दुसरीत कशी हुती ओ? मला कायबी आठवत न्हाई.”

मी सांगायला लागलो. लई द्वाड होती, म्हणालो. एकदा कारखान्याकडं चाललेल्या ट्रॉलीतून ऊस ओढायला गेली आणि चिखलात बसकण मारून आली, आजीनं तिला दारातच न्हाऊ घातलं. बायको हसत होती. भाजी तशीच ठेवून म्हणाली, आणखी सांगा.

पोरीनं वहीतून मान वर केली. “पप्पा, ती मी नव्हते. ती मामाची ताई.”

मी दुसरं काही आठवायला बघितलं. मला फक्त खाट आठवत होती.

“म्हंजी तुम्हीबी न्हवता तिथं,” बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मग ती पोरीकडं वळली. “तूच सांग बाई. कशी हुतीस गं तू?”

पोरीनं थोडा विचार केला. “मी तवा जास्त बोलायचे न्हाई,” म्हणाली आणि पुन्हा गणित सोडवायला लागली.