खंडेनवमीचं विमान

उलव्यात राहायचं तर धुळीशी भांडू नये, असं आई म्हणते. पण त्या खंडेनवमीला सकाळी मी हॉलमध्ये आले, टेबलावरच्या विमानाकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

विमान प्लॅस्टिकचं, वीतभर लांब, सुटे भाग जुळवून केलेलं. बाबा हवाई दलात फिटर होते. ज्या जातीच्या विमानावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्याचंच किट मी मागवलं होतं. चार महिन्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या. भाग घासले, चिकटवले, राखाडी रंगाचे हात दिले आणि शेवटचे तीन रविवार घाण करण्यात घालवले. हो, घाणच. इंजिनामागे काजळी, पंखाखाली तेलाचे ओघळ, दाराशी बुटांचे डाग. विमान वापरातलं वाटावं म्हणून असं रंगवतात. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून मी शिकले होते. बाबा येताजाता बघायचे, बोलायचे नाहीत. नोकरीबद्दल कधी चकार शब्द न काढलेला हा माणूस हे विमान बघून तरी तोंड उघडेल, एवढीच माझी हाव होती.

आता ते घासलेल्या भांड्यासारखं लख्ख होतं. एकही ओघळ उरला नव्हता.

दसरा आला की आईच्या हातांना चैन नसते. मागे तिने माझा महागातला ब्रश मिक्सरचं भांडं घासायला घेतला होता. त्यामुळे विचारायची गरजच वाटली नाही. कळत नाही तर हात कशाला लावतेस, इथून मी सुरुवात केली आणि तुझ्यामुळे या घरात कुणाचं काही जपलंच जात नाही, इथपर्यंत गेले. ती झेंडूचा हार ओवत होती. आपण हात लावला नाही, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मग काय विमान स्वतःच अंघोळ करून आलं? तिने सुई ताटात ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रागात साधं दिसतं तेही दिसत नाही. शेपटीपासून ताणलेली केसाएवढी अँटेना शाबूत होती. खालचा राखाडी रंग कुठेही खरवडला नव्हता. आईचं फडकं फिरलं असतं तर चाकंसुद्धा जागेवर राहिली नसती.

माझा आरडाओरडा ऐकून बाबा गॅलरीतून आले. नव्या विमानतळावरची विमानं बघत ते तिथेच बसलेले असतात. हातात जुन्या बनियनची चिंधी, तिला माझ्याच थिनरचा वास. त्यांनी विमान उचललं, देवासमोरच्या पाटावर आपल्या जुन्या पान्याशेजारी ठेवलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

"मी पुसलं," ते म्हणाले. "खंडेनवमीला असं विमान ठेवतात होय?"

खरी विमानं अशीच दिसतात, मी फणकाऱ्याने सांगितलं.

"कुणाची?" त्यांचा आवाज चढला. असा चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. "तेल गळताना दिसलं की आधी पुसायचं, मग बघत बसायचं कुठून येतंय ते. माझ्या हाताखालून असं एकही विमान सुटलं नाही. आणि तू ते घरात मांडून ठेवलंस. मला विचारायचं तरी."

व्हिडिओवाल्या अनोळखी माणसांना मी ढीगभर प्रश्न विचारले होते. पलीकडच्या खोलीतल्या बाबांना एकही नाही.

राग गेला नव्हता, पण आता तो काढायला माझ्याशिवाय घरात कुणी उरलं नव्हतं. मी ताटातली सुई उचलली आणि हार पुरा करत बसले. आई बाहेर आली ती पूजेपुरती. माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही.