तात्यांची चुकलेली ओवी

भोरचं संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मी वेल्ह्याजवळच्या वाडीत आले आणि पहिल्याच पहाटे शेजारून जात्याची घरघर ऐकली. वर भसाड्या पुरुषी आवाजातली ओवी! मी तोंडात पदर कोंबून हसले.

"हसू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "काशीचं मन इटलंय. तिचं दळान तात्या दळत्यात."

काशीकाकी म्हणजे शेजारच्या तात्यांची बायको. गेल्या सुगीपासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ताटातली भाकरी वाळून जायची. देवऋषी झाला, अंगारा झाला. जाणती माणसं तात्यांना सांगत, "म्हायेरी धाडा आन् दुसरी करा."

तात्या म्हणायचे, "दमलीया ती. दमल्यालं मानूस आपल्या घरात बसतं."

पुरुषानं जात्यावर बसणं म्हणजे वाडीला फुकटचा तमाशा. तात्यांना त्याचं काहीच नव्हतं. ओव्या मात्र ते भलत्याच गात, एकीचं शेपूट दुसरीला लावत.

शेवटी भोंगवलीहून काकीचा भाऊच तिला न्यायला आला. बहिणीचे हाल त्याला बघवेनात. सकाळी मी विस्तव मागायला गेले तेव्हा तिचं गाठोडं दारात होतं, आणि तात्या नेहमीसारखे दळत होते, डोळे पुसत.

"माझ्या गं अंगनात, आला मेव्हना पाव्हना..."

बायकोचा भाऊ तो आपला मेव्हणा, एवढा सरळ हिशेब त्यांचा!

गोधडी हलली. "मेव्हना न्हाई," काकी भिंतीकडे बघतच म्हणाली. "भाऊ म्हनायचं आसतं."

कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून शब्द फुटला. तात्यांनी जातं थांबवलं नाही. "मला काय ठावं? तू सांग की फुडं," एवढंच म्हणाले.

ती उठली, सरकत आली आणि जात्याच्या खुंट्यावर नुसता हात ठेवला. भाऊ न्याहारी करून एकटाच परतला.

काकी कायमची बरी झाली असं नाही. दोन-अडीच वर्षांनी पुन्हा तशीच भिंतीकडे वळली. माझा धीर सुटला, तात्यांचा नाही. दुसऱ्या दिवशी ते जात्यावर! एवढं बळ माणसात येतं कुठून, मला आजही कळत नाही.

"तात्या, पुन्यांदा पहिल्यापासनं?" मी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले. "हिकडं कवा वळंल काय सांगावं? वळंल तवा समूर मी दिसाय पायजे."