खळ्यावरचा फौजी

आमच्या दवनीवाड्याला संशयाचा भारी नाद. सेवकराम कारगिलच्या लढाईतून पदक घेऊन परतला आणि गावाला नवं खाद्य मिळालं.

पदक कशासाठी मिळालं, याबद्दल तो चकार शब्द काढीना. ग्रामसभेत मतासाठी सगळे हात वर करत, हा नुसता बसून राही. सकाळी अंगणात त्याची पोरगी रचना त्याचे केस विंचरून देई. "सायब झाला," लोक म्हणत. सव्वीस जानेवारीला सरपंच झेंडा फडकवायला बोलवत, तर हा दरवर्षी नाही म्हणे. मलाही यात काहीतरी काळंबेरं दिसे.

त्यातून त्याचा तो खेळ! धान निघालं की रिकाम्या खळ्यावर लाकडी गोळे खेळायचं वेड फौजेतून त्यानंच आणलं. लहान पांढरी गोटी पुढे टाकायची. ज्याचा गोळा घरंगळत तिच्या सर्वांत जवळ थांबेल तो जिंकला. सेवकराम उजव्या हातानं खालून गोळा सोडी आणि तो गोटीला चिकटलाच म्हणून समजा. किराणा दुकानदार चुन्नीलाल दर डावात हरे आणि जळून कोळसा होई.

एका वर्षी पंचवीस जानेवारीला तो असाच हरला. बापासाठी चहा घेऊन आलेल्या रचनाला म्हणाला, "हात तं मस्त चालून राहिला तुया बापाचा. मंग झेंड्याले काऊन पळते? पदक गोंदियाच्या बाजारातून आणलं का?"

रचनाचे डोळे भरले. "बाबा, सांगू?"

"नाही." सेवकरामनं हातातला गोळा खाली ठेवला. "उद्या येतो मी."

सकाळी सारा गाव शाळेत लोटला, झेंड्यापेक्षा त्यालाच बघायला. त्यानं डाव्या हातानं दोरी ओढली. झेंडा फडकला. मास्तरांनी सलामी पुकारली, तसा त्याचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. मागून कुणीतरी हसलं.

सेवकरामनं उजव्या कोपराखाली डावा हात घातला आणि तो हात रेटत कपाळाशी नेला. चेहरा घामानं निथळत होता. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यानं हात खाली येऊ दिला नाही.

खालून गोळा सोडणारा हात आम्ही रोज बघितला होता, वर गेलेला एकदाही नाही.

"खांद्यात गोळी घुसली होती," रचना रडत म्हणाली. "अर्धा सलाम झेंड्याले कायले द्याचा, म्हणत बाबा. मताले डावा हात वर केला तं लोक उजव्याचं पुसतील, म्हणून तिथंही बसून राहत."

पुढच्या ग्रामसभेत सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. चुन्नीलालनं शेजारच्या सेवकरामला हळूच काही विचारलं आणि आपले दोन्ही हात वर केले.

"काऊन बे, दोन मतं देऊन राहिला का?" सरपंच डाफरले.

"एक सेवकरामचा आहे," चुन्नीलाल म्हणाला.